विदालचं काय चुकलं?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



स्पॅनिश भाषेत गेल्या काही वर्षांत ‘शिपेआर’ असं एक क्रियापद रुळलं आहे. इंग्रजीतल्या ‘रिलेशनशिप’ या शब्दाचं शेपूट तेवढं तोडून घ्यायचं, त्याला स्पॅनिश क्रियापदाचा प्रत्यय लावायचा, की झालं शिपेआर. अर्थ असा, की गोष्टीतल्या दोन पात्रांचं जमावं म्हणून आपण प्रेक्षकांनी देव पाण्यात घालून बसायचं. लेखकानं त्यांचं जमवलेलं असो की नसो. माद्रिद, मेक्सिको सिटी, ब्युनोस आयर्स अशा शहरांत गाण्याच्या मोठ्या नाटकांना, म्हणजे ज्यांना तिकडे ‘मुसिकाल’ म्हणतात त्यांना, जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हा शब्द सर्रास ऐकू येतो. अमक्या नाटकातली ही दोघं एकत्र यायलाच हवी होती, तमक्यातल्या तिनं त्याच्याशी लग्न करायलाच नको होतं, अशी भांडणं प्रयोग सुटल्यावर फुटपाथवर तासन् तास चालतात.

मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवलं. हा शब्द मला माझ्या विद्यार्थ्यांनीच सांगितला, आणि सांगताना ते थोडे लाजले, कारण या प्रकाराला मोठी माणसं हसतात हे त्यांना ठाऊक होतं. शब्द नवा आहे खरा. दुखणं मात्र पुष्कळ जुनं आहे, आणि आज मला त्या दुखण्याविषयीच बोलायचं आहे.

स्पॅनिश रंगभूमीवर ‘सार्सुएला’ नावाचा एक प्रकार आहे. थोडं बोलायचं, थोडं गायचं. आपल्या संगीत नाटकाची सवय असलेल्या माणसाला तो फारसा समजावून सांगावा लागत नाही. माद्रिदजवळच्या एका राजवाड्यावरून हे नाव पडलं; सतराव्या शतकात तिथं राजापुढं असे खेळ होत. एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा मात्र हा प्रकार राजवाड्यातून पार पेठेत उतरला होता. माद्रिदच्या अपोलो नाट्यगृहात तासातासाचे खेळ एकामागून एक लागत, आणि रात्री उशिराच्या चौथ्या खेळाला सगळं शहर लोटे. १८९४ साली तिथं ‘ला वेर्बेना दे ला पालोमा’ आली. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. छापखान्यात खिळे जुळवणारा हुलियान, त्याची सुसाना, आणि तिच्या मागं लागलेला एक म्हातारा औषधवाला. पण हुलियानचा जळफळाट माद्रिदकरांना असा काही आपला वाटला, की तो खेळ आजतागायत होतो.

मला खरी सांगायची आहे ती मात्र ‘लुइसा फेर्नांदा’. संगीतकार फेदेरिको मोरेनो तोरोबा. पहिला प्रयोग २६ मार्च १९३२ रोजी, माद्रिदच्या काल्देरोन नाट्यगृहात. कथानक १८६८ सालचं, राणी इसाबेलविरुद्ध उठाव झाला त्या सुमाराचं. लुइसा फेर्नांदा ही साध्या घरातली मुलगी. तिचं प्रेम आहे हाविएरवर. हा हाविएर पूर्वी एका खाणावळीत नोकर होता, पुढं सैन्यात जाऊन कर्नल झाला, आणि कर्नल झाल्यावर एका सरदारणीच्या नादी लागला. लुइसा वाट पाहत बसते. अशात विदाल येतो. एक्स्त्रेमादुरा प्रांतातला मोठा जमीनदार, वयानं थोडा पोक्त, मनाचा सरळ. तो तिला मागणी घालतो. राजकारणाचं त्याला काही पडलेलं नाही, पण ही मुलगी मिळावी म्हणून तो उठावातसुद्धा उतरतो. लुइसा हो म्हणते. लग्नाची तयारी होते, शेतावर गाणीबजावणी सुरू होतात, आणि नेमका तेव्हा हाविएर परत येतो. हरलेला, फाटका, पश्चात्तापानं पोळलेला. विदालला कळतं, की हिचं मन अजून तिकडंच आहे. तो म्हणतो, जा. आणि ती जाते.

ही जोडी जुळली म्हणून टाळ्या वाजवायच्या की विदालसाठी रडायचं, यावरून स्पेनमधले रसिक आजही वाद घालतात.

२००६ साली मी काही महिने माद्रिदला होते. माझ्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, विधवा. त्या उन्हाळ्यात तिथल्या तेआत्रो रेआल या ऑपेरागृहात ‘लुइसा फेर्नांदा’ लागलं होतं आणि विदाल करणार होते प्लासिदो दोमिंगो. तिकिटं मिळणं कठीणच. पण बाईंनी कुठून तरी अगदी वरच्या मजल्याची तीन मिळवली. त्या मजल्याला तिकडे ‘स्वर्ग’ म्हणतात. रंगमंच तिथून बशीएवढा दिसतो. तिसरं तिकीट त्यांच्या धाकट्या बहिणीचं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या गाण्याच्या नाटकांत एक अलिखित नियम असतो. उंच पट्टीत गाणारा पुरुष, म्हणजे टेनर, त्याला नायिका मिळते. खालच्या भरदार पट्टीतला बॅरिटोन हा बहुधा बाप, खलनायक किंवा हात हलवत परत जाणारा. हाविएर टेनर आहे, विदाल बॅरिटोन. आणि दोमिंगो तर जगातला सर्वांत गाजलेला टेनर! त्यांचे आईवडील दोघंही सार्सुएलाचे गायक, मेक्सिकोत जाऊन स्थायिक झालेले. म्हणजे हे गाणं त्यांच्या घरातलंच. असा माणूस पासष्टाव्या वर्षी उभा राहिला तो हरणाऱ्याच्या जागी. सगळ्या थिएटरला ते माहीत होतं. तो ‘जा’ म्हणाला, तेव्हा वरच्या स्वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही.

घरी येताना बसमध्ये दोघी बहिणींची जुंपली. घरमालकीणबाई म्हणाल्या, ‘‘विदालचं काय चुकलं? सांग ना मला, त्याचं चुकलं काय?’’ बहीण शांतपणे म्हणाली, ‘‘काहीच चुकलं नाही. म्हणून तर.’’ त्यानंतर दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. घरमालकीणबाईंचं लग्न वडिलांनी बघून दिलेल्या एका सज्जन माणसाशी झालं होतं आणि बहिणीनं लग्न केलंच नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडं मी विचारलं नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी कुणी तरी लिहिलेल्या दोन पात्रांपायी या दोघी अबोला धरतात, तेव्हा त्याला नुसतं वेड म्हणून सोडून देणं मला काही जमलं नाही.

त्या प्रयोगाचे दिग्दर्शक होते एमिलिओ साखी. १९३२ च्या पहिल्या प्रयोगात विदाल उभा केला तो त्यांच्या आजोबांनी, एमिलिओ साखी-बार्बा यांनी. काका लुइस साखी-वेला यांचा विदालही गाजलेला. आणि याच काकांनी १९६६ साली माद्रिदमध्ये ‘एल ओंब्रे दे ला मांचा’त दोन किहोते केला. मूळ किहोते स्पेनचाच, पण त्याचं हे गाण्याचं नाटक अमेरिकेत जन्मलं आणि तिथून उलटं माद्रिदला आलं! एका घराण्यात तीन पिढ्या विदाल चालत आला, आणि प्रेक्षकांच्या घरांतही तसाच तीन पिढ्या तोच वाद चालत आला असणार.

आता कुणी विचारील, की एकदा शेवट ठाऊक झाल्यावर तेच नाटक दहादा पाहण्यात काय अर्थ? सिनेमाला हा प्रश्न ठीक आहे. सिनेमातली जोडी एकदा चित्रित झाली की झाली. नाटकातली जोडी रोज नव्यानं जमवावी लागते, आणि ती संहितेत असते त्याहून जास्त त्या दोन नटांच्या मधल्या हवेत असते. दोघांतला एक बदलला की दुसराही बदलतो. आजचा विदाल हात सोडताना जरा थांबला, तर लुइसाचं जाणं वेगळं दिसतं. आपल्याकडं हे वेगळं सांगायला नको. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा लोकांना गोष्ट का ठाऊक नव्हती? धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व, दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन राजे समोरासमोर आल्यावर काय होतं, ते पाहायला माणसं गेली होती.

स्पॅनिशमध्ये आणखी एक भानगड आहे आणि ती मराठी माणसाला चटकन कळेल. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आहे. उच्चारही तोच, अर्थही तोच. फार जुन्या एकाच मुळापासून दोन्ही शब्द आलेले आहेत. मान द्यायचा तर ‘उस्तेद’, जो ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या दरबारी संबोधनाची झीज होऊन झाला. म्हणजे आपल्या ‘आपण’चा जवळचाच. अर्जेंटिनात तर ‘तू’च्या जागी ‘वोस’ म्हणतात. कोलंबियात काही भागांत नवराबायकोसुद्धा एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात, आणि त्यात दुरावा अजिबात नसतो. आता इंग्रजीतलं नाटक घ्या. तिथं सगळ्यांना मिळून एकच ‘यू’. चोर आणि शिपाई, मालक आणि मोलकरीण, देव आणि भक्त, सगळे ‘यू’. ते नाटक स्पॅनिशमध्ये आणायचं म्हटलं की भाषांतरकाराला पहिल्या वाक्यालाच ठरवावं लागतं, की ही दोघं एकमेकांना काय म्हणतात. आणि म्हणायचं बदलायचं असेल तर कुठल्या ओळीला. तो क्षण मूळ नाटकात नसतोच, तो भाषांतरात जन्माला येतो. ‘उस्तेद’वरून ‘तू’वर यायला एक पात्र अर्धं नाटक घेतं, आणि प्रेक्षागृहातल्या शंभर माणसांच्या अंगावर त्या एका अक्षरानं काटा येतो. मराठी मुलीच्या तोंडून ‘अहो’ ऐवजी पहिल्यांदा ‘अरे’ निघतं तेव्हा काय होतं, ते आठवा म्हणजे झालं.

प्रार्थनेतही स्पॅनिश माणूस देवाला ‘तू’च म्हणतो, जसं आपण विठ्ठलाला म्हणतो. म्हणजे भक्तीतला ‘तू’ आणि प्रेमातला ‘तू’ यांत शब्दाचा फरक नाही. तो गळ्यातून दाखवावा लागतो. हे लक्षात घेतलं, की १९७५ साली माद्रिदमध्ये ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ स्पॅनिशमध्ये आलं तेव्हा एवढी खळबळ का माजली, ते थोडं कळतं. लोकप्रिय गायक कामिलो सेस्तो यांनी स्वतःचे पैसे घालून ते उभं केलं आणि येशूची भूमिकाही स्वतःच केली. मूळची दोमिनिकन प्रजासत्ताकाची आन्हेला करास्को मग्दालेना, आणि टेडी बाउतिस्ता जूदास. पहिला प्रयोग ६ नोव्हेंबर १९७५ रोजी, अल्काला पॅलेस नाट्यगृहात. हुकूमशहा फ्रांको तेव्हा मरणाच्या दारात होता. तो २० तारखेला गेला. कट्टर मंडळींनी निदर्शनं केली, धमक्या आल्या. धर्मनिष्ठ देशात येशूवर जीव टाकणारी बाई रंगमंचावर गाते, आणि जूदास विश्वासघातकी न वाटता दुखावलेला मित्र वाटतो, हे त्यांना सोसवेना. प्रेक्षकांनी मात्र नेमकं तेच उचललं. त्या गाण्यांच्या दोन तबकड्यांचा संच घराघरात गेला, आणि ज्यांनी प्रयोग पाहिलाच नव्हता तेही या तिघांमधलं नातं तोंडपाठ जाणू लागले. जूदासची बाजू घेणारे तेव्हापासून आहेत आणि त्यांचा आवाज बराच मोठा आहे.

या सगळ्यात बाहेरून आलेल्या नाटकांची नावं जास्त आली. पण चाहत्यांच्या वेडाचा कळस मला विचाराल तर अस्सल अर्जेंटिनातला आहे. ‘द्राकुला’. लेखक-दिग्दर्शक पेपे सिब्रियान काम्पोय, संगीत आन्हेल मालेर यांचं. २९ ऑगस्ट १९९१ रोजी ब्युनोस आयर्सच्या लुना पार्कमध्ये ते सुरू झालं. लुना पार्क हे खरं तर मुष्टियुद्धाचं स्टेडियम, आणि पैसे घालणारे तितो लेक्तूर हे मुष्टियुद्धाच्या सामन्यांचे प्रवर्तक. चलनवाढीनं माणसं पिचून गेली होती त्या वर्षांत. अशा जागी, अशा वेळी, हजारो खुर्च्यांसमोर एक नवं देशी संगीत नाटक मांडायचं, म्हणजे छाती पाहिजे. ते चाललं, आणि असं चाललं, की पुढची तीस वर्षं ते पुन्हा पुन्हा उभं राहत गेलं.

ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत मीना द्राकुलावर प्रेम करीत नाही. तो तिच्यावर झडप घालणारा शिकारी आहे आणि ती त्याच्या मागावर निघालेल्यांत आहे. सिब्रियान यांनी मीना आणि द्राकुला यांच्यातली ओढ मधोमध आणून ठेवली. नवरा जोनाथन एका बाजूला, हा अंधारातला माणूस दुसऱ्या. पहिल्या संचात द्राकुला होता हुआन रोदो, मीना पाओला क्रुम, लूसी सेसिलिया मिलोने. पुढं मीना बदलत गेल्या. रोदो मात्र कितीतरी पुनरुज्जीवनांत द्राकुला करीत राहिला. तरुण होता, पोक्त झाला. एकाच पुरुषासमोर पिढीपिढीची मीना येऊन उभी राहते! तुझी मीना कोणती, एवढ्या एका प्रश्नावरून अर्जेंटिनातल्या चाहत्याचं वय ओळखता येतं, असं माझी एक ब्युनोस आयर्सची सहशिक्षिका म्हणायची. ती स्वतः शाळकरी असताना पहिल्या खेपेला गेली होती. किती वेळा पाहिलं, असं विचारलं तर म्हणायची, पहिल्या वर्षानंतर मोजणं सोडलं.

इथं मी चाहत्यांच्या बाजूला नव्हते, आणि तिला तसं बोललेही. म्हटलं, विदालचं मी समजू शकते. पण जो माणूस रक्त पितो, त्याचं आणि त्या मुलीचं जमावं म्हणून तुम्ही नवस करता, हे काय? ती चिडली नाही. म्हणाली, ‘‘कादंबरी पुन्हा वाच. ते सगळे पुरुष मिळून ठरवतात, की मीनाला यातलं काही सांगायचं नाही, तिला झेपणार नाही. आणि तिला बाजूला ठेवल्यावरच तो तिच्यापर्यंत पोचतो. आम्हाला द्राकुला हवा असतो असं नाही गं. मीनाला कुणी तरी विचारावं, एवढं हवं असतं.’’ मी कादंबरी पुन्हा काढून पाहिली. तसंच आहे. तरीही द्राकुलाच्या बाबतीत माझं मत बदललं आहे असं मी म्हणणार नाही. पण ती मुष्टियुद्धाच्या स्टेडियमात वारंवार कशासाठी जात होती, ते कळलं.

या वेडाला एक कुरूप बाजूही आहे. जोडी नटांच्या मधल्या हवेत असते असं मी म्हटलं, पण काही चाहते ती हवा नटांच्या घरापर्यंत ओढत नेतात. रंगमंचावर ज्यांचं जमलं त्यांचं बाहेरही जमलंच असणार, नसेल तर जमायला हवं, हा हट्ट. कलाकारांच्या दारामागं तासभर उभं राहून सही मागावी, फुलं द्यावीत, काही हरकत नाही. त्यांच्या संसारात नाक खुपसणं वेगळं. आणि निर्मात्यांनाही हे वेड पुरेपूर ठाऊक असतं. या जोडीचे शेवटचे काही प्रयोग, म्हणून जाहिरात केली की तिकिटं उडतात. ती काही स्वस्त नसतात.

तिकिटांवरून आठवलं. माझी एक विद्यार्थिनी २०१३ साली दुभाषी म्हणून नोकरी धरून मेक्सिको सिटीला गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथं तेआत्रो तेल्सेल हे नवं नाट्यगृह ‘विकेड’नं उघडलं. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या गोष्टीच्या आधीची गोष्ट. एल्फाबा ही हिरव्या कातडीची, सगळ्यांनी झिडकारलेली मुलगी, आणि ग्लिंडा ही गोरीगोमटी, सगळ्यांची लाडकी. दोघी एका खोलीत राहायला येतात, एकमेकींचा मनापासून तिरस्कार करतात, मग जिवलग होतात आणि शेवटी कायमच्या दुरावतात. मध्ये फियेरो नावाचा एक तरुण आहे, पण त्याच्यासाठी फारसं कुणी रडत नाही. मेक्सिकोत एल्फाबा केली अठरा वर्षांच्या दाना पाओलानं. तिला मेक्सिकोनं टीव्ही मालिकांत लहानाची मोठी होताना पाहिलेलं. ग्लिंडा होती सेसिलिया दे ला कुएवा. या दोघींच्या नावांची संधी करून चाहत्यांनी जोडीचं एक नावही ठेवलेलं आहे. ते जगभर चालतं. कुणी म्हणतं ही मैत्री, कुणी म्हणतं हे प्रेम, आणि दोन्ही पक्ष तीच वाक्यं पुरावा म्हणून दाखवतात.

काही महिन्यांनी त्या मुलीच्या आईचा मला फोन आला. ‘‘बाई, तुम्हीच तिला समजावा. पगार सगळा त्या नाटकात घालते. एकच नाटक आहे हो! अकरा वेळा पाहिलं म्हणे. इथं आम्ही बँकेत हप्ते भरतोय.’’ मी म्हटलं, बोलते.

बोलले. ती म्हणाली, ‘‘बाई, ऑफिसमध्ये मला सगळे ‘उस्तेद’ म्हणतात. फार सभ्य माणसं आहेत. दिवसभर दोन साहेबांच्या मध्ये बसून एकाचं ‘उस्तेद’ दुसऱ्याला सांगायचं. घरमालक ‘उस्तेद’, दुकानदार ‘उस्तेद’. चार महिने या शहरात मला कुणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. तिकिटाच्या रांगेत पुढच्या मुलीनं वळून विचारलं, तू ग्लिंडाची की एल्फाबाची? तिनं नावसुद्धा विचारलं नव्हतं अजून.’’

मग तिनं मला जे सांगितलं ते मी पुढं वर्गात बऱ्याचदा सांगितलं. बरोबरीच्या मुली मेक्सिकोत पहिल्या दिवसापासून एकमेकींना ‘तू’ म्हणतात. त्यामुळं भांडतानाही ‘तू’, आणि शेवटी निरोप घेतानाही ‘तू’. शब्द बदलत नाही, म्हणून सगळं त्या दोघींना आवाजात करावं लागतं. ‘‘पहिल्या दोन वेळा मी भाषा ऐकत होते, बाई,’’ ती म्हणाली. ‘‘नंतर ऐकलं, की पहिल्या अंकातलं ‘तू’ आणि शेवटचं ‘तू’ यांत काय काय होऊन गेलंय. ते रोज सारखं नसतं. एखाद्या दिवशी ग्लिंडा आधी माफ करते, एखाद्या दिवशी एल्फाबा.’’ तिच्या आईला मी एवढंच कळवलं, की मुलीचं स्पॅनिश उत्तम सुधारतंय. ते खोटं नव्हतं. रांगेतली ती मुलगी पुढं तिची खोलीतली जोडीदारीण झाली, भाडं अर्धं झालं, आणि आईची तक्रारही अर्धी झाली.

मेक्सिकोतलं ‘विकेड’ २०१५ च्या जानेवारीत बंद झालं. अशा परवान्यावर चालणाऱ्या नाटकांचं एक दुःख असतं. प्रयोग चित्रित करायला प्रेक्षकाला बंदी असते, आणि पडदा शेवटचा पडला की ते कपडे, ते नेपथ्य, ते भाषांतर, सगळं आवरलं जातं. उरतं ते पाहिलेल्यांच्या डोक्यात. त्या दोघी आता नेमक्या कशा होत्या, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना समजावून सांगण्यात चाहत्यांची पुढची कितीतरी वर्षं जातात. माद्रिदच्या म्हाताऱ्या रसिकांना जुन्या विदालविषयी बोलताना मी ऐकलं आहे. सूर अगदी तोच.

२०२५ च्या ऑक्टोबरात ‘विकेड’ माद्रिदला आलं. नाट्यगृह कोणतं, तर नुएवो तेआत्रो अल्काला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कामिलो सेस्तो जिथं येशू म्हणून उभा राहिला, तीच जागा. संच नवा, एल्फाबा क्रिस्तिना पिकोस आणि ग्लिंडा क्रिस्तिना योरेंते. भाषांतरही स्पेनच्या वळणाचं, कारण मेक्सिकोत अनेकांना मिळून जे सर्वनाम वापरतात ते स्पेनमध्ये मित्रमंडळींत चालत नाही, तिथं वेगळं आहे. आमची विद्यार्थिनी आता चाळिशीकडं झुकलेली, कामासाठी माद्रिदला गेली होती. अर्थातच नाटकाला गेली. रात्री तिचा फोन आला.

‘‘कसं झालं?’’ मी विचारलं.

‘‘छान झालं, बाई. दोघीही उत्तम. पण या आमच्या नव्हेत.’’ थोडा वेळ थांबली. ‘‘इथली ग्लिंडा निरोप घेताना हसते. आमची हसायची नाही. मला आधी रागच आला. मग वाटलं, का हसते ते पाहायला हवं.’’

रविवारच्या दुपारच्या खेळाचं तिकीट तिनं तिथल्या तिथं काढलं होतं. आईला सांगितलेलं नाही, असंही म्हणाली. आई आमच्या पुण्यातच असतात. या वेळी त्या रेडिओ ऐकत नसाव्यात, एवढीच आशा आहे.